वाफ देऊन घरी पाठवलेला रुग्ण : प्राथमिक आरोग्य केंद्रातील दमा आणि सीओपीडी

एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात धाप लागणारे तेच तेच रुग्ण दर पंधरा-वीस दिवसांनी येतात, नेब्युलायझरची वाफ आणि एखादे इंजेक्शन घेऊन त्यांना बरे वाटते आणि ते घरी जातात. केंद्रात स्पायरोमीटर (फुंकरीतून फुफ्फुसांची क्षमता मोजणारे यंत्र) नाही आणि छातीरोगतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. अशा स्थितीत दमा कोणता आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप वाढत जाणारा दीर्घकालीन आजार) कोणता हे कसे ठरवावे, या रुग्णांचे वारंवार येणे कसे थांबवावे, आणि ‘पंप नको’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

डॉक्टर, तुमच्या वर्णनातील ‘बरे वाटते आणि घरी जातात’ या शब्दांपासून मी सुरुवात करतो, कारण चूक नेमकी तिथे होते आणि ग्रामीण भागातील सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सुरुवातीची बरीच वर्षे ती मीही केली आहे. साल्ब्युटामॉलची वाफ श्वासनलिकांभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करते आणि तिचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. दम्यामध्ये श्वासनलिकेच्या अस्तराला जी सूज असते, तिच्यावर या औषधाचा काहीही परिणाम होत नाही. रुग्णाला दहा मिनिटांत मोकळे वाटते, आपल्याला काम झाल्यासारखे वाटते, आणि सूज तशीच राहून पुढच्या थंडीची, पुढच्या धुळीची किंवा पुढच्या सर्दीची वाट पाहत असते.

माझ्या प्रॅक्टिसच्या सहाव्या वर्षी एकोणीस वर्षांची एक मुलगी दिवाळी ते संक्रांत या काळात चार वेळा वाफ घेऊन गेली. पाचव्या वेळी रात्री दोन वाजता तिचा भाऊ तिला मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन येत होता, आणि वाटेतच तिचा श्वास थांबला. दुसऱ्या दिवशी मी तिचा केसपेपर काढून पाहिला. माझ्याच अक्षरात चार वेळा ‘धाप, वाफ दिली, आराम’ असे लिहिलेले होते आणि एकदाही सूज कमी करणाऱ्या स्टेरॉईडच्या पंपाचा उल्लेख नव्हता. त्या चार भेटींपैकी कोणत्याही एका भेटीत तिचा खरा उपचार सुरू करता आला असता. त्यानंतर मी वाफ देण्याच्या घटनेकडे पाहण्याची पद्धत बदलली. वाफ घ्यावी लागणे म्हणजे त्या रुग्णाचा नेहमीचा उपचार अपुरा आहे किंवा मुळात सुरूच नाही, असे मी धरून चालतो.

हा केवळ आपल्या खेड्यांतील प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची तपासणी करणारा राष्ट्रीय अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ४५ टक्के रुग्ण वैद्यकीय मदत न मागता, किंवा ती मिळण्यापूर्वीच दगावले होते. तात्पुरत्या आरामाचा पंप ज्यांना दिलेला होता, त्यांच्यापैकी ३९ टक्के लोकांना एका वर्षात बारापेक्षा जास्त असे पंप लिहून दिले गेले होते. ‘गिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये स्पष्ट केले की मोठ्यांच्या आणि किशोरवयीनांच्या दम्यात नुसते साल्ब्युटामॉल देऊ नये. दोनशे मात्रांचे तीन किंवा अधिक साल्ब्युटामॉल पंप वर्षाला संपत असतील तर झटक्याचा धोका वाढतो आणि महिन्याला एक संपत असेल तर मृत्यूचा. औषधवाटप करणाऱ्या कर्मचाऱ्यांना हा एवढा हिशोब शिकवला तरी धोक्याचे रुग्ण हाती लागतात.

म्हणून वाफ दिल्याच्या दिवशीच तीन गोष्टी कराव्यात. झटका साधारण तीव्रतेचा किंवा त्याहून मोठा असेल तर मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी ४० मिलिग्रॅम रोज सकाळी, पाच ते सात दिवस द्यावे. लहान मुलांना किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, कमाल ४० मिलिग्रॅमपर्यंत, तीन ते पाच दिवस पुरते. रुग्णाला गिळता येत असेल तर गोळी इंजेक्शनइतकीच काम करते आणि दोन्हींना परिणाम दिसायला काही तास लागतातच, त्यामुळे केवळ समाधानासाठी सुई टोचण्याचे कारण उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्टेरॉईड असलेला पंप त्याच दिवशी सुरू करणे. ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हटलेला रुग्ण बरे वाटल्यावर येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आठवड्याच्या आतील भेटीची तारीख केसपेपरवर लिहून ती त्याला मोठ्याने वाचून दाखवणे.

पंप कोणता, याबद्दल माझा कौल स्पष्ट आहे. बुडेसोनाईड (स्टेरॉईड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका सैल करणारे औषध) यांचा एकत्रित पंप मिळत असेल तर बारा वर्षांवरील दम्याच्या रुग्णाला तोच एक पंप द्यावा. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम करू लागते, त्यामुळे २००/६ मायक्रोग्रॅमचा हा पंप त्रास झाल्यावरही घेता येतो आणि प्रत्येक वेळी आरामाबरोबर सुजेवरचे औषधही पोटात न जाता थेट छातीत पोहोचते. सौम्य दम्यात फक्त त्रासाच्या वेळी एक मात्रा पुरते. त्रास वारंवार असेल किंवा रात्री जाग येत असेल तर सकाळ-संध्याकाळ एक एक मात्रा आणि मधे गरज पडल्यास आणखी एक, असे सांगावे. दिवसभरातील सर्व मात्रा मिळून बाराच्या वर जाऊ नयेत, आणि रुग्ण त्या आकड्याच्या जवळ जात असेल तर त्याने त्याच दिवशी तपासणीला यावे. ४०० मायक्रोग्रॅमचा जास्त ताकदीचा पंप किंवा साल्मेटेरॉल असलेला पंप असा गरजेनुसार वापरायचा नसतो. दुकानातून पंप बदलून दिला जातो, तेव्हा हे तपासून पाहावे. केंद्रात एकत्रित पंप नसेल आणि साल्ब्युटामॉल व बुडेसोनाईड वेगवेगळे असतील, तर किमान नियम असा घालून द्यावा की साल्ब्युटामॉल ओढले की त्यापाठोपाठ बुडेसोनाईडही ओढायचे. फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल स्टेरॉईडशिवाय एकटे दम्यात कधीही देऊ नये.

आता निदानाकडे वळतो. स्पायरोमीटर हवाच, आणि महिन्यातून एक दिवस तरी उपजिल्हा रुग्णालयात पाठवून तपासणी होईल अशी व्यवस्था लावण्याचा प्रयत्न करावा. श्वासनलिका सैल करणारे औषध दिल्यानंतरही एका सेकंदात सोडलेल्या हवेचे एकूण सोडलेल्या हवेशी प्रमाण ०.७०पेक्षा कमी असणे, ही सीओपीडीच्या निदानाची अट आहे. पण तोवर हातावर हात ठेवून बसावे लागत नाही. पीक फ्लो मीटर हे फुंकरीचा जोर मोजणारे काही शे रुपयांचे प्लास्टिकचे उपकरण आहे. रुग्णाला उभे करून तीनदा फुंकायला लावावे, सर्वांत मोठा आकडा लिहावा, साल्ब्युटामॉल द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा २० टक्के किंवा त्याहून जास्त वाढला तर दम्याच्या बाजूने पुरावा भक्कम होतो. शंका राहिली तर मीटर घरी देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहायला सांगावे. मोठ्या माणसात एकाच दिवसातील सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला चढउतार सरासरी १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो दम्याकडे बोट दाखवतो. शाळकरी मुले ही वही फार नेटकी ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

उपकरणांपेक्षा विचारपूस जास्त सांगून जाते. लहानपणी ‘बाळदमा’ होता का, घरात कोणाला आहे का, पहाटे जाग येते का, मधले काही आठवडे पूर्ण ठीक जातात का, शिंका आणि नाक वाहणे बरोबर असते का, हे प्रश्न दम्याकडे नेतात. सीओपीडीचा रुग्ण सहसा चाळिशी ओलांडलेला असतो, त्याची धाप वर्षावर्षाने वाढत गेलेली असते, आणि पूर्ण बरा असा दिवस त्याला आठवत नाही. ‘गेल्या वर्षी देवळापर्यंत न थांबता जात होता का?’ असे विचारले की ‘दम लागतो का?’ या प्रश्नाला मान हलवून नाही म्हणणारी म्हातारी माणसेही खरे सांगतात, कारण त्यांनी दम लागू नये म्हणून चालणेच कमी केलेले असते.

सीओपीडी म्हणजे विडी ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, हा समज आपल्या भागात सर्वाधिक नुकसान करतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये या विषयाचा आढावा घेताना दाखवून दिले की जगात धूम्रपान करणारे लोक सुमारे १०० कोटी आहेत, तर लाकूड, शेण आणि पिकांचे अवशेष यांच्या धुराला तोंड देणारे सुमारे ३०० कोटी आहेत. भारतात जगाच्या १८ टक्के लोक राहतात, पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यातील ३२ टक्के वाटा २०१६ मध्ये आपला होता. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, पश्चिम महाराष्ट्रात गोवऱ्या आणि सरपण, असे इंधन बदलते. पण बसक्या छपराखाली फुंकणीने चूल पेटवणारी बाई सगळीकडे तीच असते. चुलीच्या धुराच्या सीओपीडीमध्ये फुफ्फुसाचे फुगे होण्यापेक्षा लहान श्वासनलिका जाड आणि अरुंद होण्याचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे या स्त्रियांच्या छातीत घरघर आणि खोकला जास्त असतो आणि त्यांना हमखास ‘दमा’ असे नाव दिले जाते. ‘तंबाखू नाही’ एवढे लिहून थांबू नये. मिश्री लावता का, ती घरीच तव्यावर भाजता का, हेही विचारावे, कारण मिश्री भाजतानाचा धूर थेट नाकातोंडात जातो.

‘गॅस आहे का?’ हा प्रश्नही अपुरा आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून सिलिंडर बहुतेक घरांत पोहोचले आहे, परंतु अनेक घरांत चहा गॅसवर होतो आणि भाकरी, जनावरांचे खाद्य व अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. ‘काल चुलीवर काय काय झाले?’ असे विचारावे. चूल पूर्ण बंद करण्याचा आग्रह बहुतेक वेळा निष्फळ ठरतो, कारण रिकामे सिलिंडर भरून आणण्याचा खर्च आपण देत नसतो. पाण्याची चूल उघड्यावर हलवणे, सरपण वाळलेले वापरणे आणि धाप असलेल्या बाईऐवजी घरातील दुसऱ्या कोणी चूल पेटवणे, या मागण्या घरातले पुरुष समोर बसवून केल्या तर मान्य होतात. गिरणीत, जिनिंगमध्ये, सोयाबीनच्या मळणीवर किंवा पाचट जाळताना होणारा त्रास कामाच्या प्रश्नाशिवाय कळत नाही, म्हणून तो प्रश्नही केसपेपरवर कायम असावा.

सीओपीडीच्या औषधयोजनेत पाया वेगळा आहे. तिथे दीर्घकाळ टिकणारी, श्वासनलिका सैल करणारी औषधे आधी येतात. टायोट्रोपियम १८ मायक्रोग्रॅम रोज एकदा हा चांगला आरंभ आहे, आणि त्याबरोबर फॉर्मोटेरॉल किंवा तत्सम औषध जोडावे. स्टेरॉईडचा पंप ज्यांना वारंवार झटके येतात त्यांच्यासाठी, विशेषतः रक्तातील इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३०० किंवा अधिक असतील तर, जोडावा. विनाकारण दिल्यास न्यूमोनियाचा धोका वाढतो, आणि क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या भागात हा विचार आणखी गांभीर्याने करावा लागतो. जंतांमुळेही इओसिनोफिल वाढतात, हे मात्र हा आकडा वाचताना लक्षात ठेवावे. दमा की सीओपीडी हे ठरतच नसेल, किंवा दोन्हींची लक्षणे असतील, तर दमा धरून स्टेरॉईडसह उपचार करणे सुरक्षित आहे. दम्याच्या रुग्णाला स्टेरॉईड न मिळणे ही चूक जिवावर बेतू शकते.

क्षयरोगाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या क्षयरोग शोधणाऱ्या चाचणीसाठी गेलीच पाहिजे, मग छातीत कितीही घरघर असो. उलट बाजूने, जुना क्षयरोग बरा झाल्यावर राहिलेल्या व्रणांमुळे धाप लागणारे असंख्य लोक आहेत; केवळ क्ष-किरण चित्रातील डाग पाहून त्यांना पुन्हा सहा महिन्यांची औषधे सुरू करू नयेत. तसेच रक्तक्षय, हृदयाच्या झडपेचा संधिवातजन्य आजार आणि हृदयाची क्षीणता हेही ‘दमा’ म्हणूनच आपल्यापर्यंत येतात. डोळ्याच्या पापणीच्या आतला रंग, पायावरची सूज आणि हिमोग्लोबिन पाहायला दोन मिनिटे लागतात.

पंप देणे आणि पंप शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दाबायच्या पंपात श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा असतो. कॅप्सूल घालायच्या कोरड्या भुकटीच्या यंत्रात तो जोरात आणि वेगाने ओढायचा असतो. हे उलटे केले की औषध घशात बसते. त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी इतके पाहिले आहेत की आता पहिल्या भेटीत ‘ही गिळायची नाही’ हे रुग्णाकडूनच वदवून घेतो. दाबायच्या पंपाबरोबर मी जवळजवळ सर्वांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचा पोकळ डबा, देतो. तो विकत घेणे शक्य नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडून, पंप घट्ट बसवून आणि फट बंद करून घरीच स्पेसर करता येतो. केपटाउनमध्ये डॉ. हेदर झार यांनी मुलांवर केलेल्या अभ्यासात १९९९ मध्ये दिसले होते की अशी नीट सील केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरते. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता, हवेवर वाळवावी, म्हणजे औषध तिच्या भिंतींना चिकटत नाही. स्टेरॉईडनंतर चूळ भरून थुंकावी. आणि प्रत्येक भेटीत ‘घेता ना बरोबर?’ असे न विचारता ‘घेऊन दाखवा’ म्हणावे. आमच्याकडे हे काम सिस्टर माझ्यापेक्षा चांगले करतात, कारण रुग्ण त्यांच्यासमोर चुकायला घाबरत नाही.

नकाराची कारणे मात्र आधी ऐकून घ्यावी लागतात. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘मुलीचे लग्न ठरायचे आहे’ ही तीन वाक्ये मला सर्वाधिक ऐकू येतात. सवयीच्या भीतीला मी गणिताने उत्तर देतो. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी वजनाने ५,००० मायक्रोग्रॅम असते आणि पंपातील एक मात्रा २०० मायक्रोग्रॅम. म्हणजे नुसत्या वजनाने एका छोट्या गोळीत पंपाच्या पंचवीस मात्रा बसतात, आणि झटक्यात अशा आठ गोळ्या रोज घ्याव्या लागतात. रोजच्या दोन मात्रा टाळून वर्षातून चार वेळा तो कोर्स घ्यावा लागला तर स्टेरॉईड शरीरात जास्त गेले, हे शेतकऱ्याला लगेच पटते. लग्नाच्या प्रश्नाला माझ्याकडे गणित नाही. आईला आणि मुलीला स्वतंत्र वेळ देऊन, उपचार घेतलेली मुलगी धावू शकते, शिकू शकते आणि गरोदरपणातही पंप सुरक्षितपणे चालू ठेवू शकते, हे सांगतो. गर्भवती झाल्याबरोबर पंप बंद करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण चिंताजनक आहे. बाळाला औषधापेक्षा आईच्या झटक्यातील कमी प्राणवायूचा धोका कितीतरी मोठा असतो, आणि हे सासूबाईंसमोर सांगितलेले अधिक टिकते.

कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेणारे किंवा मृगाच्या दिवशी हैदराबादला माशाच्या औषधासाठी जाणारे रुग्ण तुमच्याकडेही येत असतील. त्यांच्याशी वाद घालून मी काही रुग्ण कायमचे गमावले आहेत. आता एवढेच मागतो की जाताना पंप बरोबर न्या आणि तो बंद करू नका. ज्यांना बिनलेबलच्या पुड्यांनी ‘जादूसारखा’ आराम पडतो आणि चेहरा गोल होऊन साखर व रक्तदाब वाढतो, त्यांच्या पुडीत स्टेरॉईड असण्याची शक्यता गृहीत धरावी. ती एकदम बंद करायला लावू नये; पंप सुरू करून, प्रेडनिसोलोनच्या मोजक्या मात्रेवर आणून ती हळूहळू कमी करावी.

झटक्याच्या वेळेबद्दल थोडक्यात. वीज नसेल तर नेब्युलायझरची वाट पाहू नये. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार ते दहा पफ, पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी, तेवढेच काम करतात. सीओपीडीच्या रुग्णाला प्राणवायू देताना ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के एवढेच लक्ष्य ठेवावे. टास्मानियामध्ये रुग्णवाहिकेतील रुग्णांवर झालेल्या अभ्यासात २०१० मध्ये दिसले की असा मोजून दिलेला प्राणवायू सरसकट मोठ्या प्रवाहाने दिलेल्या प्राणवायूपेक्षा जास्त जीव वाचवतो. दम्यात मोठ्यांसाठी ९३ ते ९५ टक्के ठेवावे. सीओपीडीच्या झटक्यात प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाचच दिवस पुरते, आणि बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा होऊन प्रमाण वाढले असेल तरच प्रतिजैविक द्यावे. थिओफिलिनचे इंजेक्शन मी झटक्यात देणे पूर्ण थांबवले आहे. त्याच्या उपयोगी आणि विषारी मात्रेत फारसे अंतर नाही, आणि रुग्ण आधीच त्याच्या गोळ्या घेत असेल किंवा सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर उलट्या, हृदयाचे अनियमित ठोके आणि फिट येणे असेही होऊ शकते. पूर्ण वाक्य बोलता न येणे, नाडी १२०च्या वर, गुंगी, किंवा घरघर अचानक थांबून छाती शांत होणे, यांपैकी काहीही दिसले तर उपचार चालू ठेवूनच १०८ बोलवावी. शांत झालेली छाती पाहून नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात, तेव्हा सर्वांत घाई करायची असते.

तुम्ही उद्यापासून काय करावे, असे विचाराल तर माझी सूचना एका नोंदवहीची आहे. नेब्युलायझरच्या टेबलावर ती ठेवा. वाफ घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, तारीख, पंप मिळाला का, घेऊन दाखवला का आणि पुढची तारीख, एवढेच रकाने पुरेत. तारखेला न आलेल्यांची नावे आशाताईंकडे द्या. त्या ‘सीबॅक’ या असंसर्गजन्य आजारांच्या घरोघर पाहणीच्या अर्जात धाप, खोकला आणि स्वयंपाकाचे इंधन विचारतातच. ते अर्ज बहुतेक ठिकाणी भरून कपाटात जातात, त्यातील चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या आणि धाप सांगणाऱ्या स्त्रियांची यादी वेगळी काढा आणि एका गावापासून पीक फ्लो तपासणी सुरू करा. सोयाबीनची मळणी आणि दिवाळीपूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, गेल्या हिवाळ्यात वाफ घेतलेल्या सर्वांना एकदा बोलावून त्यांच्या पंपात औषध शिल्लक आहे का ते तपासा. तीन महिन्यांनी वहीत एकाच नावासमोर तीन तारखा दिसल्या, तर त्या रुग्णाला जिल्ह्याला पाठवण्याआधी त्याचा पंप हातात घेऊन त्याच्याकडूनच तो ओढून घ्या, कारण माझ्या अनुभवात अशा दहापैकी सहा-सात जणांना पंप ओढण्याची पद्धत चुकल्यामुळे औषध मिळतच नसते.